भाकरीला नाही म्हणायचा हक्क

सध्या भाकरीला बरे दिवस आलेत. २०२३ हे साल जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं. त्याच साली केंद्राच्या अर्थसंकल्पात ज्वारी, बाजरी, नाचणीला 'श्री अन्न' असं नाव ठेवलं. आमच्या सोलापूरकडच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ सालीच भौगोलिक मानांकन मिळालं होतं. आता हायवेवरच्या हॉटेलात 'चुलीवरची भाकर' अशी पाटी लागते आणि मोटारी थांबतात. साखर वाढलेल्या माणसाला डॉक्टर ज्वारी खा म्हणतो. मालदांडी गव्हापेक्षा महाग झालीय.

ज्वारी तीच आहे. तोच दाणा, तेच जातं, तोच तवा. आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर हीच भाकर थापली तेव्हा तिला कोणी श्री म्हटलं नाही. तेव्हा ती हलक्या लोकांचं हलकं खाणं होती. चपाती खाणारा तो सुधारलेला आणि भाकर खाणारा तो गावंढळ. मग दाण्यात काय बदललं? काहीच नाही. खाणारा बदलला. माणसाला जात असते तशी या देशात अन्नालाही जात असते, आणि ती खाणाऱ्याकडे बघून ठरते.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. शाळा नववीत सुटली. पुढचं जे काय शिकलो ते विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर. तत्त्वज्ञान हा शब्द उच्चारायचा अधिकार मला कुठल्या विद्यापीठानं दिलेला नाही. पण तिसऱ्या पाळीत रात्री दोन वाजता डबा उघडणारा माणूस अन्नाचा विचार करतो, आणि त्याचा विचार पोटातून निघतो. म्हणून हे लिहितोय.

प्रश्न असा आहे : अन्न चांगलं कशानं होतं? म्हणजे चवीनं नव्हे. नीतीनं चांगलं कशानं होतं?

या प्रश्नाला आजवर तीन उत्तरं मिळाली. पहिलं उत्तर धर्माचं. ते म्हणतं, शुद्ध असेल ते चांगलं. सात्त्विक, राजस, तामस अशी प्रतवारी लावायची आणि कोणी शिजवलं, कोणी शिवलं ते बघायचं. दुसरं उत्तर आरोग्याचं. ते म्हणतं, अंगाला मानवेल ते चांगलं. तिसरं उत्तर अलीकडचं, पर्यावरणाचं. ते म्हणतं, मातीला, पाण्याला, पुढच्या पिढीला पुरेल ते चांगलं. शाश्वत, टिकाऊ, सेंद्रिय असे शब्द त्याच्या तोंडी असतात.

पहिलं उत्तर आपण केव्हाच जाळून टाकलंय. दुसरं आणि तिसरं खोटं नाही. माती मरतेय हे खरंच आहे आणि तणनाशकानं आजार होतात हेही खरंच आहे. पण ही तिन्ही उत्तरं ताटाकडे बघतात. ताटात काय आहे, ते कुठून आलं, त्यानं काय होईल. ताटापुढं बसलेला माणूस कोण, आणि त्याला हे ताट बाजूला सारता येतं का, हे कोणीच विचारत नाही. मला हा प्रश्न सगळ्यात आधीचा वाटतो. आणि तो माझा नाही. तो १९२७ साली महाडला विचारला गेलाय.

महाड म्हटलं की आपल्याला चवदार तळं आठवतं. २० मार्चला बाबासाहेब तळ्यावर गेले, पाण्याला हात लावला, हजारो माणसं पाणी प्याली. जयंतीला, क्रांतिदिनाला आपण हे सांगतो. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट मागितली होती, तीही आपल्याच लोकांकडे. मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका आणि गावातली उष्टी-शिळी भाकर मागून आणू नका. एकाच परिषदेत पाणी घ्यायला सांगितलं आणि अन्न सोडायला सांगितलं. वरवर बघितलं तर या दोन गोष्टी उलट्या दिसतात. मला त्या एकच वाटतात. जे माझं आहे ते मी मागणार नाही, घेईन. आणि जे तू फेकतोस ते माझं नाही, म्हणून घेणार नाही.

आता विचार करा. येसकराच्या टोपल्यात पडणारी भाकर कशाची होती? मालदांडीचीच की. सेंद्रियच होती, तेव्हा युरिया कुठं होता? आजच्या डॉक्टरच्या हिशेबानं ती आरोग्याची होती. पर्यावरणवाल्याच्या हिशेबानं त्याहून चांगली, कारण शिळं अन्न वाया न जाता खाल्लं जात होतं. तरी ती भाकर वाईट होती. का वाईट होती? कारण ती घेणाऱ्याला नाही म्हणता येत नव्हतं. पाटलाच्या दारात काठी आपटून जोहार घालायचा, टोपलं पुढं करायचं, आणि वरून पडेल ते घ्यायचं. त्या भाकरीत मीठ कमी पडलं तर बोलायची सोय नाही. ती नको म्हणायची तर त्याहून सोय नाही. माणूस आणि अन्न यांच्यात जे नातं होतं तेच सडलेलं होतं, दाणा कितीही ताजा असो.

तेव्हाच्या म्हाताऱ्या माणसांनी विचारलं असेल, भाकर सोडायची तर खायचं काय? हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. तो अगदी बरोबर आहे. ती भाकर अपमानाची होती तशी ती हमीचीही होती. दुष्काळातसुद्धा टोपल्यात तुकडा पडायचा. ती सोडणं म्हणजे असलेली एकमेव हमी सोडणं. बाबासाहेबांना हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल? म्हणून त्यांनी नुसतं सोडा म्हटलं नाही. शेतीकडे वळा म्हटलं, नोकऱ्या मागा म्हटलं, आणि १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. कारण भाकरीचा दोर वतनाला बांधलेला होता. हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि बलुतं यांच्या बदल्यात चोवीस तास गावचा आणि सरकारचा राबता. ते वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. म्हणजे नकार हा शब्द उच्चारायला एक दिवस लागला, आणि त्याच्याखाली जमीन घालायला तीस वर्षं गेली. ती अजून पुरी घातलेली नाही.

यातून मी एक कसोटी काढतो. जे अन्न खाणाऱ्याला नाकारता येतं तेच नीतीचं अन्न. ज्याला नाकारता येत नाही त्याच्या पुढ्यात अमृत वाढलं तरी तो गुलामच.

ही कसोटी हातात घेतली की पुष्कळ गुंते सुटतात. मांसाचंच घ्या. पोरं विचारतात, बाबासाहेबांनीच मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, मग गोवंश हत्याबंदीला आपण विरोध का करायचा? प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. उत्तर असं : सोडणं वेगळं आणि हिसकावणं वेगळं. महाडनंतर ज्यांनी पडीचं मांस सोडलं त्यांनी स्वतः ठरवून, पंचायत बसवून सोडलं. त्यांच्या सोडण्यात त्यांची मान वर गेली. बाबासाहेबांनीच पुढं १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहून दाखवून दिलं, की गोमांस आणि अस्पृश्यता यांचा सांधा कसा जुळलाय. ज्यांनी एका काळात स्वतः खाल्लं त्यांनीच पुढं गाय पवित्र केली, आणि जे खात राहिले ते बाहेर पडले. म्हणजे काय खावं हा नियम करण्याची सत्ता ज्याच्या हातात, त्याच्याच हातात माणसाची पायरी ठरवणं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या कायद्यानं होतीच. २०१५ च्या मार्चमध्ये ती बैल आणि वळूपर्यंत वाढवली. २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हणजे कायद्याचं बोट आमच्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यापर्यंत आलं होतं, हे कोर्टालाही दिसलं.

आणि त्याच २०१६ च्या जुलैमध्ये गुजरातेत उना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या माणसांना बांधून मारलं. त्यानंतर काय झालं ते आठवा. तिथल्या दलितांनी मेलेली ढोरं गाडीत घालून सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची गाय, तुम्हीच उचला. आणि मागितलं काय? जमीन. नव्वद वर्षांनी महाडचंच गणित पुन्हा मांडलं गेलं. एका हातानं नकार आणि दुसऱ्या हातानं जमीन.

अंड्याचंही तसंच. आपल्या राज्यात २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या पोषण आहारात अंडं सुरू झालं आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचा पैसा बंद केला. लोकवर्गणीतून द्या म्हणे. ज्याला अंडं नको त्याला केळं घ्यायची सोय आधीपासून होती. म्हणजे नको म्हणणाऱ्याचा हक्क शाबूत होताच. गेला तो हवं म्हणणाऱ्या पोराचा. नाही म्हणायचा हक्क आणि हो म्हणायचा हक्क एकाच भाकरीचे दोन पदर आहेत. एक फाडला की दुसरा राहत नाही.

आता एक मित्र मला म्हणाला, "तुझं हे पोट भरलेल्यांचं तत्त्वज्ञान झालं. भुकेल्याला नकार शिकवतोस होय? आधी त्याला खाऊ घाल."

त्याचं बरोबर आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची एक गोष्ट येते. भगवान बुद्ध तिथं उपदेशाला गेले. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो दिवसभर बैल शोधत फिरला आणि उशिरा, उपाशी येऊन पोचला. तोपर्यंत बुद्ध बोललेच नाहीत. सगळी सभा थांबलेली. तो आल्यावर आधी त्याला जेवायला वाढायला सांगितलं आणि मग उपदेश केला. भुकेच्या वेदनेत असलेल्याला धम्म कळत नाही, इतकी साधी गोष्ट. जगातल्या किती धर्मसंस्थापकांनी एका शेतकऱ्याच्या जेवणासाठी सभा थांबवली?

पण या गोष्टीत आणखी एक बारीक जागा आहे. बुद्धांनी त्याला जेवण दिलं ते धम्म स्वीकारायच्या अटीवर नाही. आधी जेव, मग ऐक, आणि ऐकून पटलं तर घे. अन्नाच्या बदल्यात मान वाकवायला सांगितली नाही. येसकराची भाकर आणि आळवीचं जेवण यात हा फरक आहे. तेव्हा भुकेल्याला आधी खाऊ घाल हे मला कबूल. पण खाऊ घालताना त्याच्याकडून काय काढून घेतोस ते सांग.

रेशनकडे असं बघा. १९७२ चा दुष्काळ म्हातारी माणसं अजून सांगतात. लाल मिलो आणि सुकडी. खडी फोडायची आणि मिलोची भाकर खायची. त्या दुष्काळानं मिलो दिली तशी रोजगार हमीही दिली, कारण लोकांनी धान्यासोबत काम मागितलं, आणि १९७७ साली त्याचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारला बंधनकारक झालं. ती भीक राहिली नाही. पुढं २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा आला. माणशी पाच किलो धान्य, तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरडधान्य एक रुपया. २०२३ च्या जानेवारीपासून ते फुकट झालं. फुकट झालं याचा आनंद आहे, आमच्या वस्तीत त्यावर चुली पेटतात. पण कायद्यात हक्क म्हणून लिहिलेलं धान्य दुकानात मेहेरबानी होऊन येतं. पिशवीवर फोटो येतो. आणि एक रुपयाची ज्वारी कायद्याच्या कागदावर राहते, दुकानात बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच. अंगठा उमटला तर घ्या, नाही उमटला तर पुढच्या महिन्यात या. म्हणजे ज्यांनी ज्वारी पिकवली, खुरपली, काढली, ती श्री झाल्यावर त्यांच्या ताटातून उठून गेली. आणि वर ऐकायचं काय, तर गरीब लोक सकस खात नाहीत, त्यांचं प्रबोधन करा.

आता तिसऱ्या उत्तराकडे येऊ. पर्यावरणाच्या. इथं आपल्या चळवळीतच दोन तट आहेत. काही जण म्हणतात, हे सेंद्रिय, देशी बियाणं, पारंपरिक शेती सगळं वरच्यांचं खूळ आहे. आम्हाला मागं खेड्यात ढकलायचा डाव आहे. यात तथ्य आहे. जुन्या गावाची स्तुती ऐकली की माझ्याही अंगावर काटा येतो. जुनं गाव टिकाऊ होतं म्हणतात. तिथं काही वाया जात नव्हतं म्हणतात. खरंय, वाया जात नव्हतं. मेलेलं ढोर वाया जात नव्हतं, कारण ते आम्ही ओढत होतो आणि खात होतो. मांस उरलं तर चान्या करून दोरीवर वाळवत होतो. शिळी भाकर वाया जात नव्हती, ती आमच्या टोपल्यात पडत होती. रानात गळालेलं कणीस वाया जात नव्हतं, आमच्या बाया सरवा वेचत होत्या. जे जे गावानं टाकलं ते आमच्या पोटात गेलं, म्हणून गाव स्वच्छ राहिलं. त्या टिकाऊपणाचा उकिरडा आम्ही होतो. असलं टिकाऊ गाव पुन्हा नको.

चान्या, रक्ती, वजडी यांची आम्हाला लाज नाही, हेही इथंच सांगतो. उपाशी ठेवलेल्या बायांनी जे मिळालं त्यातून चव काढली. ती त्यांची कला. शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून ही सगळी पाककृतींची वही जगापुढं ठेवली. नावातच सगळं आलं. ज्या देशात अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतात तिथं आमचं अन्न मोजणीतच नव्हतं. पण कलेचा अभिमान वेगळा, आणि ज्या सक्तीतून ती कला जन्मली तिची आरती वेगळी. पहिली करू, दुसरी करणार नाही.

तर एक तट म्हणतो माती-पाण्याच्या गोष्टी वरच्यांच्या. मी म्हणतो, नाही. माती मेली तर आधी मरतो तो मजूर. जमीनवाल्याकडे दुसरा धंदा असतो, पोरगा पुण्यात असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. पाठीवर पंप कोणाच्या होता? त्यात शेतमजूर किती होते ते बघा. त्याच कापसाच्या गाठी आमच्या गिरणीत फुटतात. मी त्याचंच सूत काढतो. बांधावर तणनाशक मारलं की पहिल्यांदा काय मरतं? तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डू. ही पालेभाजी बाजारात विकत घ्यावी लागत नव्हती. ती भूमिहीनाची भाजी होती. आणि त्याच तणनाशकानं बायांची खुरपणीची मजुरी गेली. एका फवाऱ्यात ताटातली भाजी आणि हातातला रोजगार दोन्ही जळालं. मग हा प्रश्न वरच्यांचा कसा? वरच्यांनी तो आपल्या नावावर करून घेतलाय, एवढंच. तळं जसं करून घेतलं होतं तसं.

ऊस घ्या. आमचा सोलापूर जिल्हा पावसाच्या सावलीतला. ज्वारीचा मुलूख. मोहोळची मालदांडी इथलीच. आज उजनीच्या पाण्यावर जिकडं बघाल तिकडं ऊस आणि कारखान्याची चिमणी. १९८० च्या सुमाराला महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांवर ज्वारी होती, आता त्याच्या निम्म्याहूनही कमी उरलीय. राज्याच्या एकूण पिकात उसाची जमीन थोडी, पण सिंचनाच्या पाण्याचा सगळ्यात मोठा घोट तोच पितो. एक किलो साखरेमागं दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जातं. तुटीच्या खोऱ्यात ऊस नको हे चितळे आयोगानं १९९९ सालीच सुचवलं. ऐकलं कोणी? ऐकणाऱ्यांचेच कारखाने.

आणि तो ऊस तोडतं कोण? बीडकडची कोयत्याची जोडपी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, म्हणून हंगाम संपेपर्यंत नाही म्हणता येत नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड. २०१९ साली सरकारनं समिती नेमली. तिनं बीड जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायांची माहिती घेतली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीच्या दिवसात खाडा परवडत नाही आणि दुखणं काढायला सवड नाही, डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाक. मित्रांनो, आपल्या चहातली साखर गोड आहे, शुद्ध आहे, शाकाहारी आहे. माझी कसोटी लावून बघा. ती चहाच्या कपात यायच्या आधी एका बाईचा नाही म्हणायचा हक्क काढून घेतला गेलाय. सात्त्विकतेच्या कुठल्याही पोथीत या साखरेला अशुद्ध म्हटलेलं नाही.

तेव्हा मातीचा प्रश्न सोडायचा नाही. तो आपल्या कसोटीनं हातात घ्यायचा. टिकाऊ शेती हवी, पण कोणाच्या जमिनीवर? बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान तुकड्यांच्या शेतीवर लिहिलं. जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे आणि उद्योग वाढल्याशिवाय तो उतरणार नाही, हे त्यांनी पंचविशी ओलांडता ओलांडता मांडलं. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्याच्या पुढं गेले. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन राज्याची असावी, गावकऱ्यांनी जातपात न बघता ती मिळून कसावी, कोणी जमीनदार नको, कोणी कूळ नको, कोणी भूमिहीन मजूर नको. आजच्या किती पर्यावरणवाल्यांनी हे वाचलंय? बीज कोणतं पेरावं यावर ते तासभर बोलतात. सातबारा कोणाचा, हा प्रश्न आला की पाणी प्यायला उठतात.

सातबारा नाही म्हणून आपल्या माणसांनी गायरानं कसली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तुरुंग भरले. मराठवाड्यात दगडगोट्यांची गायरानं आपल्या बायांनी हातानं वेचून शेतं केली. १९९१ च्या सरकारी ठरावानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तरी किती जणांच्या नावावर झाली? आणि आता २०२३ पासून सौर वाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी शोधल्या जातात, त्यात गायरानं आली. सूर्याच्या विजेला आमचा विरोध नाही. कोळशाचा धूर आमच्याच पोरांच्या छातीत जातो. पण पृथ्वी वाचवायला पहिला तुकडा मागायचा तो ज्याच्याकडं एकच तुकडा आहे त्याच्याकडं? ज्याच्याकडं शंभर एकर ऊस आहे त्याच्या बांधावर कोणी काच लावायला जात नाही. हा हिशेब पृथ्वीचा नाही, गावकीचा आहे.

हीच कसोटी आपल्या घरातही लावायला हवी, नाहीतर ती खोटी. मोर्च्याहून आल्यावर आपण ताटावर बसतो. भाकर थापणारी शेवटी बसते. तव्यावर उरलेलं तिच्या वाट्याला. तिला नाही म्हणता येतं का? आज मी थापत नाही, असं तिला म्हणता येतं का? गावानं आपल्याला जे केलं ते आपण चुलीपुढं करत असू तर पाटील गेला कुठं, घरातच राहायला आला. कार्यकर्त्यानं भाकर थापायला शिकावं. मी शिकलोय. पहिल्या दहा नकाशासारख्या होतात, मग जमतात.

आणि शाळेत बघा. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मध्यान्ह भोजन शिजवायला दलित, आदिवासी बायांना प्राधान्य द्या. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. भूक आणि शिवाशिव एकाच चुलीवर शिजवायला काढली त्यानं. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात सवर्ण पोरांनी दलित बाईच्या हातचं खायला नकार दिला आणि बाईला काढलं. तेव्हा दलित पोरांनी सवर्ण बाईच्या हातचं जेवण नाकारलं. मग गाजावाजा झाला आणि बाईला परत घेतलं. कोणी म्हणेल, दोन्हीकडं नकारच की. तुझ्या कसोटीनं दोन्ही सारखे. नाहीत सारखे. एक नकार दुसऱ्याची रोजी काढून घेण्यासाठी होता, दुसरा ती परत मिळवण्यासाठी. नाही म्हणायचा हक्क म्हणजे दुसऱ्याला हलका ठरवायचा परवाना नव्हे. ज्याच्या नकारानं दुसऱ्याचा हक्क मरतो तो नकार पाटीलकीचा, आणि ज्याच्या नकारानं सगळ्यांच्या पंक्तीला जागा होते तो महाडचा.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. अन्नावर कुठं सभा असली, शिबिर असलं, बियाण्यांची जत्रा असली तर जा. बाहेर उभं राहून शिव्या देऊ नका. आत जा, पुढच्या रांगेत बसा आणि विचारा. ही जमीन कोणाच्या नावावर आहे? हे पाणी कोणाच्या पाटातून येतं? हे पिकवणारी बाई उद्या कामाला येत नाही म्हणाली तर तिचं काय होईल? हे धान्य ती विकत घेऊ शकते का, आणि नको असेल तर परत देऊ शकते का? उत्तरं मिळाली तर त्यांच्याबरोबर काम करा, माती त्यांचीही आहे. नाही मिळाली तर वस्तीत या आणि गायरानाचे कागद काढायला बसा. रेशन दुकानावर ज्वारी मागा. कायद्यात आहे, अर्जात लिहा. शाळेच्या चुलीवर आपल्या मावशीला उभं करा आणि पहिल्या दिवशी पंक्तीला तुम्हीही बसा.

भाकर श्री झाली याचा मला राग नाही. व्हावीच. पण ती आमच्या ताटात असताना श्री व्हावी. आणि कधी पोरीनं तोंड वाकडं करून "आज भाकर नको, भात दे" म्हटलं, तर तिला घरात भातही असावा आणि कोणाची भीतीही नसावी. एवढ्यासाठीच हे सगळं चाललंय.

जय भीम.